जपलेली बॅटरी

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. वापरायला वाईट वस्तू आहेत आणि त्या आमच्याकडे भरपूर आहेत. कान तुटलेले कप, मधोमध झोल गेलेला पलंग, फिरताना कर्र वाजणारा पंखा, ही सगळी रोजची मंडळी. चांगले कप कपाटात. ते पाहुण्यांसाठी आहेत, पण आजवर आलेला एकही पाहुणा आमच्या नवऱ्याला त्या कपांच्या लायकीचा वाटलेला नाही. त्यामुळे पाहुणेही आमच्यासारखेच कान तुटलेल्या कपातून चहा पितात.

हे एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. बेअरिंग, पट्टे, बल्ब, नटबोल्ट, सगळं यांच्या ताब्यात. कुणी काही मागायला आलं की आधी त्याला परत पाठवायचं, पुन्हा आला तर जुनं दुरुस्त होतं का बघ म्हणायचं, आणि अगदी रडकुंडीला आला तरच कपाट उघडायचं, अशी यांची पद्धत. कारखान्यात यांना ‘कुलूप’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि यांना त्याचा अभिमान आहे. किल्ल्यांचा जुडगा कायम पँटच्या खिशात असतो. घरच्या कपाटाची किल्लीही त्याच जुडग्यात.

आमच्या लग्नात घातलेले बूट यांनी डब्यात घालून ठेवले होते, भावाच्या लग्नासाठी. भावाचं लग्न व्हायला बरीच वर्षं गेली. त्या दिवशी डबा उघडला, बूट चकाचक होते. हॉलच्या पायऱ्या चढताना बुटांचे दोन्ही तळ भुगा होऊन खाली पडले आणि हे मोजे घालून व्यासपीठावर गेले. “हल्लीच्या वस्तूंमध्ये दमच नाही,” म्हणाले. बूट हल्लीचे नव्हते, पण ते कोण सांगणार? मी तेव्हा पोट धरून हसले होते. इतकं हसायला नको होतं.

लॅपटॉप लेकीने दिला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि सुट्टीत आली ती खोकं घेऊनच. “आई, तुझं पंचिंग पुन्हा सुरू कर,” म्हणाली. लग्नाआधी मी भरतकामाच्या मशीनसाठी पंचिंग करायचे. म्हणजे चित्र घ्यायचं आणि मशीनला कळेल असं टाक्यांमध्ये मांडायचं. कुठून सुरू करायचं, टाका आडवा घालायचा की तिरका, किती दाट, धागा कुठे तोडायचा, सगळं आधी ठरवावं लागतं. मशीन मठ्ठ असतं. चुकीचं सांगितलं तर चुकीचंच शिवतं, तेही कमालीच्या वेगाने. मला ते काम फार आवडायचं. लग्नानंतर ते सुटलं, का सुटलं याचं एकच कारण सांगता येणार नाही, हळूहळू सुटलं. लेकीने नवं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि दोन आठवड्यांत माझा हात परत बसला. मी किती खूश होते हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, या वयात लोक हसतात.

लॅपटॉप कपाटात जाता जाता वाचला. लेक भांडली म्हणून. मग यांनी मधला मार्ग काढला. खोलीच्या कोपऱ्यात टेबल लावलं, त्यावर जाड कापड, त्यावर लॅपटॉप. चार्जर भिंतीवर चढवला आणि त्याची वायर थेट टेबलापर्यंत पांढऱ्या क्लिपा ठोकून पक्की करून टाकली. स्टोअरमधलं पॅनल असतं तसं सरळ, नेटकं काम. शेजारची बघायला आली होती.

“वायर लोंबली की पिन ढिली होते,” हे म्हणाले. “चार्जर आता इथून हलायचा नाही.”

“आणि मला लॅपटॉप खिडकीशी घेऊन बसायचं असलं तर?”

“खिडकीशी काय आहे?”

उजेड आहे, असं मी म्हणाले नाही. चार्जर कायम चालू ठेवायचा, बॅटरीला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. बॅटरी म्हणजे यांच्या हिशेबी आणीबाणीचा साठा. दुकानदाराने चार-पाच वर्षं आरामात चालेल असं सांगितलं होतं. हे म्हणाले, “आपण वापरलीच नाही तर दहा चालेल.” लेक फोनवर सांगायची, “बाबा, अधूनमधून बॅटरीवर चालवत जा, उतरू द्या थोडी, सारखं चार्जिंग चांगलं नसतं.” हे हो हो म्हणायचे आणि फोन ठेवला की मला सांगायचे, “ज्यांना बॅटऱ्या विकायच्या असतात ना, ते असं शिकवतात पोरांना.”

दिवे गेले की तर मजाच. दिवे गेल्यावर काम थांबू नये म्हणून त्या यंत्रात बॅटरी घातलेली असते. आमच्याकडे दिवे गेले की हे असतील तिथून धावत यायचे, “बंद कर, बंद कर, बॅटरी खर्च होतेय!” मी लॅपटॉप मिटायचे. मग आम्ही दोघं अंधारात, भरलेल्या बॅटरीशेजारी, दिवे यायची वाट बघत बसायचो. सुरुवातीला मी वाद घातला. पुढे नाही घातला. रोज कोण डोकं फोडणार?

काम मिळत होतं. एक मध्यस्थ होता, तो चित्रं पाठवायचा, मी पंचिंग करून फाईल परत पाठवायचे, तो ती आपलं काम म्हणून पुढे द्यायचा. माझी पानं, माझी फुलं, माझे शाळांचे बिल्ले कुणाकुणाच्या छातीवर फिरत असतील, मला काही कल्पना नव्हती. शिवून आलेला एक तुकडासुद्धा कधी बघायला मिळाला नाही. स्वयंपाक करायचा आणि चव दुसऱ्याने घ्यायची, तसलं ते काम.

मग एक दिवस फोन आला. शहराबाहेर भरतकामाचा एक मोठा कारखाना होता, तिथल्या मालकीणबाईंचा. मध्यस्थाशी त्यांचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि भांडणात त्याच्या तोंडून निघून गेलं होतं की फाईली तो करत नाही, एक बाई करतात. बाईंनी मला शोधून काढलं.

“आमचा पंचिंगवाला सोडून गेला,” त्या म्हणाल्या. “लॅपटॉपही त्याचाच होता, जाताना घेऊन गेला. मला इथे बसून काम करणारं माणूस हवंय. मशीनवर शिवून बघायचं, चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. हाताखाली दोघीजणी मिळतील. तुम्ही तुमचा लॅपटॉप घेऊन या. एक तुकडा देईन, माझ्यासमोर करून दाखवा.”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. आनंदाने रडणं मला बावळटपणाचं वाटतं, म्हणून नळ. स्वतःचं टेबल. शेजारी मशीन. काढलेलं शिवून डोळ्यांसमोर येणार. आणि सकाळी घरातून बाहेर पडायचं, संध्याकाळी परत यायचं, इतर माणसं करतात तसं. मला दुसरं काही नको होतं.

यांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, नाही म्हणतील. पण नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, “जा की. इतकं चांगलं काम करतेस.” हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

जायच्या दिवशी सकाळी यांनी स्वतः लॅपटॉप पुसला. खोकं कपाटातून काढलं, थर्माकोल लावला, लॅपटॉप आत ठेवला, वर फडकं पसरलं. लॅपटॉप अलीकडे टेबलावर डुगडुगायला लागला होता, एका कोपऱ्याखाली यांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. बटणांखालची, बोट फिरवायची पाटीही कडक झाली होती, दाबताना अंगठा दुखायचा. जुना होत चालला असेल, असं म्हणून आम्ही दोघांनी सोडून दिलं होतं. वास्तविक अजून दोन वर्षंही झाली नव्हती.

“चार्जर?” मी विचारलं.

यांनी भिंतीकडे बघितलं. सगळ्या क्लिपा काढायच्या म्हणजे भिंतीचा गिलावा सुटणार. “कशाला?” म्हणाले. लॅपटॉप पुन्हा काढून माझ्यासमोर उघडला. कोपऱ्यात आकडा होता, शंभर टक्के. “हे बघ. शंभर. एक टक्कासुद्धा कधी वाया घालवू दिला नाही मी. इतके दिवस कशासाठी जपली? आजच्यासाठीच ना?”

हे सांगताना यांचा चेहरा असा होता की माझ्याने पुढे बोलवेना. स्टोअरमधली सगळ्यात चांगली वस्तू आज यांनी मला काढून दिली होती. आणि तो आकडा तर मलाही दिसतच होता. मी विश्वास ठेवला.

कारखाना लांब होता, दोन बस बदलून जावं लागलं. आत शिरल्यावर आवाज कानावर आदळला, एका रांगेत उभी मशीनं, प्रत्येकाला कितीतरी डोकी, सगळ्या सुया एकाच वेळी खाली. मला तो आवाज इतका ओळखीचा वाटला की माहेरी आल्यासारखं झालं. एक मशीन मात्र थांबवून ठेवलं होतं, आमच्यासाठी. आमच्या म्हणजे माझ्या आणि आणखी एकाच्या. माझ्याआधी याच कामासाठी एक दाढीवाला आला होता. त्याच्या लॅपटॉपची दशा बघवत नव्हती. कोपरे फुटलेले, दोन बटणं गायब, झाकणावर चिकटपट्टी. चार्जरची वायर त्याने मफलर गुंडाळावा तशी गळ्यात टाकली होती. मला त्याची कीव आली. माझा लॅपटॉप मी खोक्यातून थर्माकोलसकट बाहेर काढला तेव्हा तिथल्या मुली बघत राहिल्या.

“नवा घेतलात?” मालकीणबाईंनी विचारलं.

“नाही, जपून वापरते,” मी म्हटलं. ठसक्यात म्हटलं, तेही.

तुकडा दोघांना एकच होता. खेळाडूंच्या टी-शर्टावर घालायचा गोल बिल्ला. बाईंनी बिघडलेला नमुना दाखवला. कागदावर गोल होता, कापडावर अंडं झालं होतं, आणि भरलेला भाग आणि काठ यांच्यात कापड दिसत होतं. दाढीवाल्याने आधी करून दाखवलं होतं. त्याने काठ जाड करून ती फट झाकली होती, पण अंडं अंडंच राहिलं होतं. बाईंनी तो तुकडा बाजूला ठेवला होता, आणि दाढीवाला एका स्टुलावर जाऊन बसला होता. त्याला कळलं होतं की जमलेलं नाही.

मला बघताक्षणी कळलं काय झालंय. टी-शर्टचं कापड ताणतं. टाके आडवे घातले की ते कापडाला दोन्ही बाजूंनी आत ओढतात, गोल अरुंद होतो. म्हणून काढताना गोल काढायचाच नाही, आडवा थोडा रुंद काढायचा. पडद्यावर तो चुकलेला दिसतो, शिवला की गोल होतो. शिवाय वरच्या टाक्यांखाली आधी उलट दिशेने विरळ पायाचे टाके घालायचे, कापड धरून ठेवायला. मी लग्नाआधी शिकले होते ते हेच. मी लॅपटॉप उघडला, आकडा शंभरच होता, आणि कामाला लागले.

गोल पुसून नवा ओढला. पायाचे टाके घालायला घेतले. मध्येच सहज कोपऱ्यात नजर गेली तर आकडा साठच्या खाली. मला वाटलं, नीट दिसलं नाही. पुन्हा बघितलं तर तीसच्याही खाली होता. मी घाईघाईने काठाकडे वळले, कडक पाटीवर अंगठा दाबला, आणि पडदा काळा झाला. त्यात मला माझाच चेहरा दिसला, तोंड उघडं.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“बंद पडला. बॅटरी...”

“मग चार्जर लावा की. तो बघा प्लग.”

“चार्जर घरी आहे.”

“घरी?” त्यांनी खोक्याकडे बघितलं, थर्माकोलकडे बघितलं. “एवढं सगळं आणलंत आणि चार्जर घरी?”

भिंतीला ठोकलेला आहे, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? दाढीवाल्याने न मागता गळ्यातला चार्जर पुढे केला. त्याची पिन गोल होती, माझी चपटी. ऑफिसमधला एक आणून बघितला, तोही बसेना. मी बाहेर जाऊन यांना फोन लावला.

“बॅटरी संपली? शक्यच नाही,” हे म्हणाले. “सकाळी शंभर होती. तू बटण नीट दाबलंस का?”

“अहो, संपली म्हणजे संपली.”

“असं कसं होईल? वापरलीच नाही आपण ती!”

मागे कुणीतरी यांच्याकडे पट्टा मागत होतं आणि हे त्याला नंतर ये म्हणत होते. मी फोन बंद केला.

घरी जाऊन चार्जर आणायला वेळ नव्हता. मशीन फक्त चाचणीसाठी थांबवलं होतं, संध्याकाळी त्यावर दुसरी ऑर्डर चढवायची होती. दाढीवाल्याच्या लॅपटॉपवर करते म्हटलं, तर त्याचं सॉफ्टवेअर निराळं, मी कधी बघितलेलंही नाही. बाई वाईट नव्हत्या. माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, “ताई, निदान सांगा तरी, तुम्ही काय करणार होतात?”

आणि मी सांगितलं. किती वर्षांनी मला कुणीतरी विचारलं होतं की हे कसं करायचं. मी अंडं झालेला नमुना हातात घेतला, बोटाने दाखवलं, ओढ कुठून बसते, गोल किती रुंद करायचा, पायाचे टाके कुठल्या दिशेने, दाटपणा किती कमी केला तरी चालेल. मुली गोळा झाल्या. एकीने मधेच काही विचारलं, तिला आधी उत्तर दिलं. मला भानच राहिलं नाही. स्टुलावरून दाढीवाला उठून जवळ येऊन उभा राहिला होता, तेही मी बघितलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिकवताना कुणी ऐकायला आलं तर बरंच वाटतं.

“मी एकदा पुन्हा करून बघू का?” तो बाईंना म्हणाला.

बाईंनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या, “करा, पटकन.”

त्याने तो फुटका लॅपटॉप उघडला. चार्जर लावलासुद्धा नाही, तसाच मांडीवर घेऊन बसला, गायब बटणांच्या जागी पेनाचं टोक दाबत. मी सांगितलेलं सगळं त्याने केलं, एके ठिकाणी चुकता चुकता माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. का हलवली? माझ्यातल्या त्या मूर्ख बाईला गोल नीट यायला हवा होता, दुसरं काही सुचतच नव्हतं. फाईल मशीनला दिली. सुया खाली गेल्या. मी जाऊन मशीनशी उभी राहिले. आधी पायाचे टाके, मग भराव, मग काठ. कापड फ्रेममधून काढलं तेव्हा त्यावर गोल होता. अगदी गोल. मी इतका सुंदर गोल बघितला नव्हता, आणि तो माझा होता.

“वा!” बाईंनी दाढीवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

“ताईंनी सांगितलं म्हणून,” तो म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

“सांगितलं त्यांनी, केलंत तुम्ही,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “ताई, तुम्हाला खूप येतं हो. पण मला इथे उद्यापासून करणारं माणूस लागतंय. बंद पडणाऱ्या मशीनवर मी भरवसा कसा ठेवू?”

त्या लॅपटॉपबद्दल बोलत होत्या, मला माहीत आहे. मी लॅपटॉप खोक्यात घातला, थर्माकोल लावला, फडकं पसरलं. निघताना तो तुकडा मागावासा वाटला, पण बाईंनी तो नमुना म्हणून भिंतीवर लावायला दिला होता.

हे माझ्याआधी घरी आले होते. दार उघडून पहिलं काय विचारलं असेल? “बॅटरीचं काय झालं?” मी खोकं यांच्या हातात दिलं. यांनी लॅपटॉप चार्जरला लावला, थोड्या वेळाने मला हाक मारली. “हे बघ, शंभर दाखवतोय.” खरंच दाखवत होता. माझं डोकं असं फिरलं की मी चप्पल तशीच पायात सरकवली आणि म्हटलं, “चला दुरुस्तीवाल्याकडे. आत्ताच्या आत्ता.”

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं. बॅटरी फुगून उशी झाली होती. तिनेच झाकण खालून ढकललं होतं, पाटी वर उचलली होती, म्हणून तो डुगडुगत होता. आम्ही तिला पुठ्ठा लावत बसलो होतो.

“कायम चार्जिंगला असायचा का?” त्याने जांभई देत विचारलं. दिवसभर हाच प्रश्न विचारत असावा.

“कायम!” हे म्हणाले. “एकदाही बॅटरीवर चालवला नाही. म्हणजे बॅटरी अगदी नवीच आहे म्हणा. मग अशी कशी होईल?”

“वापरली असती तर टिकली असती काका.”

“पण वापरलीच नाही म्हणतोय ना मी!”

तेव्हा माझा बांध फुटला. “मला वापरायची होती!” मी ओरडले. “मला खिडकीशी बसायचं होतं. दिवे गेल्यावर काम करायचं होतं. तुम्ही वापरू दिली नाहीत. माझं सगळं तुम्ही जपून जपून मारून टाकलंत!” आणखीही पुष्कळ बोलले, कपांबद्दल बोलले, बुटांबद्दल बोलले. रांगेतली माणसं मोबाईलमध्ये तोंड खुपसून उभी राहिली.

“अगं, लोक बघतायत,” हे म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. यांचे डोळे त्या फुगलेल्या बॅटरीवरून हलत नव्हते. यांच्या ताब्यातला माल खराब निघाला होता, तोही यांनीच सांभाळलेला. असं यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं. मला दया आली नाही.

दुरुस्तीवाल्याने फुगलेली बॅटरी काढून ठेवली, ती आत ठेवणं धोक्याचं होतं. नवी त्याच्याकडे होती, पण नकली. अस्सल हवी तर मागवावी लागेल म्हणाला. तोवर लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालेल, फक्त दिवे गेले की तिथल्या तिथे बंद पडेल.

हे अस्सल बॅटरीच्या मागे लागले. चार दुकानं पालथी घातली, कुठे लांबून मागवली, ती येईपर्यंत रोज फोन. कामावरून परस्पर जाऊन घेऊन आले आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. पाकीट सीलबंद होतं. “कंपनीची आहे,” म्हणाले. “एकदम अस्सल. तुझ्यासाठी.” क्षमा मागायची यांची हीच भाषा असावी. मी पाकीट हातात घेऊन बघितलं, वजनदार होतं. मला वाटलं, जाऊ दे, माणूस शिकला. लेकीलाही फोन करून तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसले तर पाकीट दिसेना. मध्यस्थाने पुन्हा काम पाठवायला सुरुवात केली होती, जणू मधे काही झालंच नव्हतं. मी घेतलं, दुसरं होतं काय? पक्ष्याची एक मोठी आकृती होती, पीस न् पीस वेगळ्या दिशेने. पंख पुरा होत आला आणि दिवे गेले. पडदा काळा. सेव्ह करायचं भान राहिलं नव्हतं, सकाळपासूनचं सगळं काम गेलं, एकही टाका उरला नाही.

त्या दिवशी यांना सुट्टी होती. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. दिवे गेल्यावर धावत आले नाहीत. धावून यावं असं आता आत काही नव्हतं.

“बॅटरी कुठे आहे?” मी विचारलं.

“कपाटात ठेवलीय.”

“कपाटात कशाला?”

“अगं, चार्जरवर चालतोय ना सध्या? मग एवढी अस्सल वस्तू लगेच घालून कशाला खराब करायची? बघितलंस ना, आत घातली की फुगते. सीलबंद आहे तोवर तिला काही होत नाही.”

यांना खरंच असं वाटत होतं. दुकानातल्या त्या सगळ्या आरडाओरड्यातून या माणसाने एवढंच उचललं होतं.

“किल्ली द्या,” मी म्हटलं.

यांनी खिशातून जुडगा काढला. देणारच होते, हात अर्धा पुढे आला होता. मग थांबले, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “देतो. पण कशाला हवीय? कुठे जायचंय का तुला?”

मी उत्तर शोधायला लागले. मागच्या महिन्यात ते माझ्याकडे होतं, दोन बस बदलून जाण्याइतकं स्पष्ट. आता तिथे दाढीवाला बसत होता. माझ्या शेजारी मशीन नव्हतं, हाताखाली दोघीजणी नव्हत्या, आणि खिडकीशी बसून पुन्हा मध्यस्थाचीच पानंफुलं काढायची होती. हे वाट बघत होते, मनापासून.

“कुठे नाही,” मी म्हटलं.

“मग झालं तर,” हे म्हणाले, आणि जुडगा परत खिशात ठेवला.